चाकाचा तेरावा दाता

शाळेचा जिना वळताना बाईंचा तोल गेला आणि हातातली पुठ्ठ्याची दोन मोठ्ठी चाकं सुटली. एक भिंतीला अडलं. दुसरं घरंगळत थेट खालून वर येणाऱ्या माणसाच्या पोटावर!

"अहो, अहो... जीव घेता का काय?"

कानावर पेन्सिल, शर्टावर लाकडाचा भुसा. सुतारकामाचे नवे सर. मुलं त्यांना रंधासर म्हणतात एवढं बाईंना माहीत होतं. बोलायची वेळ आजच आली, आणि तीही अशी.

"सॉरी हं! ते... कॅलेंडर आहे."

"कॅलेंडर भिंतीवर टांगतात हो. माणसांवर नाही सोडत."

खरं तर बाई रडायच्या बेतात होत्या, पण हसू फुटलंच. मग पायरीवरच बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्या सातवीला इतिहास शिकवायच्या. या सत्रात त्यांनी जुन्या मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक घेतले होते – तळ्यातलं त्यांचं शहर, पाण्यात माती भरून केलेली शेतं, सगळंच. वर्ग नुसता रंगून गेला होता. पण मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, शुक्रवारी तास बघायला येणार होत्या. मुलांना खरंच काही कळलंय असं दिसलं नाही, तर धडा बंद आणि तास गणिताला.

"आणि ही चाकं?"

"त्यांची दिनदर्शिका. एका चाकावर तेरा आकडे, दुसऱ्यावर मगर, वारा, घर, सरडा अशी वीस चिन्हं. दात्यात दाता अडकवायचा आणि रोज एक घर पुढे. आकडा नि चिन्ह मिळून दिवसाचं नाव – एक मगर, दोन वारा... तीच जोडी परत यायला दोनशे साठ दिवस लागतात. पण पुठ्ठ्याचे दाते दुमडतात मेले!"

सरांनी चाक हातात घेऊन उलटंपालटं केलं. "लाकडाची करून देतो. उद्या वर्कशॉपमध्ये या, मापं सांगा."

बाई उद्या गेल्या. परवाही गेल्या. तेरवा तर विचारण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी गेल्या. घरी आई ताटात भाजी वाढताना म्हणाली, "काय गं, हल्ली सुताराशिवाय जेवण जात नाही वाटतं तुला?"

"इश्श, आई! कामाचं बोलतेय मी."

"हो, हो. कामाचंच."

शुक्रवार उजाडला. रंग ओला होता म्हणून चाकं ऐन तासालाच वर्गात आली. रंधासर ती उभी करून दाराशी थांबले. मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. मुलं आकड्यांच्या चिठ्ठ्या दात्यांवर चिकटवू लागली. दहा... अकरा... बारा...

तेरावी चिठ्ठी हातातच राहिली. चाकाला दातेच बारा होते!

बाईंनी दाराकडे पाहिलं. रंधासरांचा चेहरा पांढराफटक.

"अहो, एका दात्यानं काय बिघडतंय?" मोठ्या बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "तेवढा आकडा सोडून द्या."

"नाही, नाही, असं नाही चालणार!" चिठ्ठी हातात धरलेली मुलगी ओरडली. सारखी 'पण का?' विचारते म्हणून वर्गात तिचं नावच पण-का पडलं होतं. "बारा आणि वीस... थांबा हं... साठ! साठच दिवसांत 'एक मगर' परत येईल. दोनशे दिवस बुडतील त्यांचे!"

"कशावरून?"

"फिरवून बघा ना!"

आणि मोठ्या बाई खरंच उठल्या, पदर खोचला आणि स्वतः चाक फिरवू लागल्या. वर्ग एका सुरात मोजत होता. चाळीसला मोठ्या बाईही मोजू लागल्या होत्या. एकोणसाठ... साठ! समोर पुन्हा एक मगर. असा गलका झाला की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीला येऊन चिकटली.

मग मोठ्या बाईंनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. तळ्यातली शेतं वाहून का जात नाहीत? कडेला झाडं लावायची, मुळं माती धरतात. माणसांचे बळी देत, तेही शिकलात? हो, आणि त्यावर आमचं दोन तास भांडण चाललं होतं! एकेका प्रश्नाला दहा-दहा हात वर.

"बाई," मोठ्या बाई निघताना म्हणाल्या, "धडा चालू ठेवा. पुढच्या वर्षीही घ्या. आणि गणिताच्या सरांना मी इथे बसायला पाठवते."

आनंदानं बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. पण हिशेब एक बाकी होता. त्या तडक वर्कशॉपमध्ये शिरल्या.

"तेरा सांगितले होते मी! दोन्ही हातांची बोटं दाखवली, वर आणखी तीन दाखवली. दिसली नाहीत?"

"दिसली ना..." सर खाली बघत म्हणाले. "बोटंच बघत बसलो. आकडा राहून गेला. मग सवयीनं घड्याळासारखे बारा भाग पाडले."

बाईंनी आपली बोटं पटकन मिटून घेतली.

"तुमची चाकं बिघडवली, त्याची लाज वाटते," सर म्हणाले. "पण का बिघडली ते खोटं नाही सांगणार. तुम्ही... तुम्ही मला फार आवडता."

"मग आता शिक्षा भोगा." बाईंनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या अगदी समोर बसल्या. "नवं चाक करा. मी समोर बसून मोजणार."

"समोर बसलात तर परत चुकेन."

"चुका की! मला कुठे घाई आहे?" गाल तापलेले, तरी बाईंनी नजर हलवली नाही. "विचारायला काही नसताना मी रोज इथे काय भुसा बघायला येत होते?"

सरांनी कोरी फळी पुढ्यात घेतली. पेन्सिलीची एकेक खूण पडत गेली आणि बाई मोजत गेल्या. बारानंतर पेन्सिल थांबली. सरांनी हळूच त्यांचा हात हातात घेतला... बाईंनी घेऊ दिला.

"तेरा," दोघं एकदमच म्हणाले.