पालथा पेला

मी बर्फ पोचवायचो. दुसरं काही मला येत नव्हतं. चार इयत्ता शिकलो, त्यातली एक दोनदा. दुपारी कारखान्यातून लाद्या उचलायच्या, भुशात गुंडाळून हातगाडीवर गोणपाटाखाली ठेवायच्या आणि धक्क्यालगतच्या रस्त्यानं एकेका गुत्त्याला देत जायचं. पाच गुत्ते होते. मी कधी घोट घेतला नाही, पण पाचही ठिकाणची मागची दारं मला डोळे मिटून सापडायची. पहिल्यात मासळीच्या टोपल्यांचा वास, दुसऱ्यात ओल्या दोरांचा. तिसरा मावशीचा. तिथं आंबट वास यायचा आणि त्यावर रॉकेलचा, कारण दिवसासुद्धा आत कंदील लागायचा.

माझा धाकटा भाऊ होड्यांना डांबर लावायचा. काम संपलं की पाचही गुत्त्यांत त्याची हजेरी. दारू त्याला निमित्ताला लागायची, खरा लागायचा तो ऐकणारा माणूस. तीच तीच गोष्ट सांगायचा, सांगून झाली की स्वतःच हसायचा आणि मधूनमधून समोरच्याच्या दंडावर काळा पंजा ठेवून म्हणायचा, "ऐकतोयस ना?" लोकांना त्याचा कंटाळा यायचा. मलाही यायचा. आज हे बोलायला जीभ जड होते, पण यायचा.

मावशीच्या गुत्त्यात भिंतीला एक लांब फळी होती. रोजच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा तिथं स्वतःचा पेला, बुडाला रंगाचा ठिपका. समुद्रानं कुणाला नेलं की त्याचा पेला पालथा घालायचा. वर्षभर तो तसाच राहायचा. त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या जागेवर बसायचं नाही. आणि तो दारात उभा आहे असं वाटलं तरी बघायचं नाही, ओ द्यायची नाही. असं का, ते मी विचारलं नाही. धक्क्यावर काही गोष्टी कुणी विचारत नाही.

त्या दिवशी दुपारी धुकं उतरलं होतं. तीन वाजले असतील. मी लादी खांद्यावर घेऊन मावशीच्या मागच्या दारानं आत गेलो.

"वाईट झालं रे, बर्फवाल्या," सुकाणू म्हणाला. हा पूर्वी बोटीवर होता. आता गुत्त्यातली थट्टा कुणावर वळवायची ते ठरवायचा, म्हणून ते नाव. "तुझा धाकटा गेला."

लादी माझ्या खांद्यावरून घसरली. मी ती छातीवर धरली. तेवढ्यात सगळे हसायला लागले.

"घाबरू नकोस, धडधाकट आहे. पण फळीवर बघ."

धाकट्याचा पेला पालथा होता.

"सकाळपासून मेलाय," कुणीतरी म्हणालं. "दोनदा येऊन गेला. आम्हाला काही दिसला नाही बाबा."

"मावशी, हे काय?" मी विचारलं.

"मी नाही घातला. यांचंच चाललंय. एक दिवस तरी कानाला विसावा, म्हणतात."

"किती सांगितलं, जरा कमी बोल," सुकाणू म्हणाला. "पालथ्या घड्यावर पाणी. मग म्हटलं, पेलाच पालथा घालू. पाचही ठिकाणी निरोप गेलाय. आता तू मोडता घालू नकोस, दादा आहेस म्हणून."

मी काही बोलायच्या आत समोरचं दार उघडलं आणि धाकटा आला. त्याच्या मागून धुकं आत शिरलं. तो एकेका टेबलाशी थांबला. सगळे आपापल्या पेल्यात बघत होते. मग मी दिसलो तसा त्याचा चेहरा उजळला.

"दादा, बघ ना. ही माणसं माझ्याशी बोलत नाहीत. सकाळपासून कुणीच..."

बाकी सगळे माझ्याकडे बघत होते. मी भित्रा माणूस आहे. चारचौघांत माझ्यावर नजरा वळल्या की मला घाम फुटतो. मी लादी पेटीत ठेवली, टोच्यानं तिचे चार तुकडे केले. त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला. "दादा, मी दिसतोय ना?"

मी मावशीला म्हणालो, "ते दार लावून घ्या. वारा येतोय नुसता."

काय हसले सगळे. धाकटाही आधी थोडा हसला. मग त्यानं हात काढून घेतला, त्या हाताकडे उलटसुलट करून पाहिलं. जाताना दार त्यानंच लावलं.

मी पुढे गेलो, कारण लाद्या वितळत होत्या. चौथ्या गुत्त्यात एकानं मला सांगितलं, "येऊन गेला. रडायला लागला तर आम्ही म्हटलं, छप्पर कुठं गळतंय बघा रे." मी नुसती मान हलवली. पाचवा गुत्ता धक्क्याच्या टोकाशी. त्याचा मालक म्हातारा होता, नेहमी आतल्या खोलीत पडून असायचा. मी गंमत म्हणून त्याला हे सांगितलं. तो उठून बसला.

"जिवंत माणसाचा पेला पालथा घातला?"

"थट्टा केली हो."

"इथंही आला होता म्हणतात. माझी ही गिऱ्हाइकं, गाढवं सगळी, तीही तोंड फिरवून बसली." त्यानं माझं मनगट धरलं. "त्याला शोध. हाताला धरून ने, त्याचा पेला त्यालाच सरळ करू दे. तू हात लावू नकोस. आणि तो डोळ्यांना दिसेपर्यंत हाक मारू नकोस. कळलं?"

"हाक मारली तर काय होईल?"

"तू आधी जा."

मी धक्क्याच्या टोकाला गेलो. हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं. खाली पाणी खांबांवर आपटत होतं, चप्... चप्... डांबराचा वास आला. त्याचा डबा तिथं होता, झाकण उघडं. मी तासभर उभा राहिलो. मग रस्त्यानं मागे आलो, प्रत्येक दारात डोकावलो, त्याच्या घरी जाऊन आलो. कुठंच नाही. सहा वाजायला आले. मला वाट बघायची सवय नाही. बर्फवाल्याला नसतेच. जे करायचं ते वितळायच्या आत. मी मावशीकडे शिरलो, फळीवरचा पेला उचलला, सरळ ठेवला, काठोकाठ भरला आणि दारात उभा राहून त्याच्या नावानं हाक मारली. तीनदा.

तिसऱ्या हाकेला तो धुक्यातून आला.

"बोलावलंस, दादा?"

केसांतून पाणी गळत होतं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. सुकाणूनं त्याच्या पाठीत थाप मारली. "अरे, थट्टा होती लेका, बस." आणि मग आपला तळवा पँटला पुसला, पुन्हा पुसला. धाकट्यानं पेला एका दमात संपवला आणि आपली जुनी गोष्ट सांगायला लागला. त्या दिवशी सगळ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मी त्याला घरी नेलं. त्याच्या बायकोनं वाढलं. तो जेवला.

तिसऱ्या दिवशी कारखान्यात निरोप आला, धक्क्यावर चार लाद्या घेऊन ये. खांबांमध्ये एक माणूस अडकलेला सापडला होता, पोलीस येईपर्यंत ठेवायचा होता. क्रेनवाला सांगत होता, परवा साडेतीनच्या सुमाराला धुकं क्षणभर फाटलं तेव्हा त्यानं कुणालातरी पाण्यात उतरताना बघितलं, पायऱ्या उतरल्यासारखं. त्याला वाटलं, डांबरवाला आहे, होडीखाली जात असेल.

मी लाद्या रचल्या. मग गोणपाट पांघरायला गेलो आणि तोंड दिसलं. नखांतलं डांबर दिसलं.

त्याच सकाळी मी धाकट्यासोबत त्याच्या घरी चहा पिऊन निघालो होतो.

मी सांगितलं, ओळखीचा नाही. क्रेनवाल्यानं त्या नखांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि क्रेनकडे निघून गेला. बेवारस म्हणून त्याला पुरलं. पुरताना मी आणि सुकाणू दोघंच होतो. सुकाणू रडत होता. मला रडू आलं नाही. घरी बसलेल्या धाकट्याशी जाऊन काय बोलायचं, याचाच विचार चालला होता.

आठवड्यानं धाकट्याची बायको माझ्याकडे आली. उंबऱ्यातच बसली.

"भाऊजी, यांचे केस वाळत नाहीत."

"धुकं आहे."

"उशी पिळावी लागते रोज." मग हळू आवाजात म्हणाली, "आणि ऐकलं नाही, की दंडाला धरतात. सोडत नाहीत. काल मला डुलकी लागली तर..." तिनं पदर सरकवून दाखवलं. दंडावर पाच बोटं उमटली होती. पांढरी. खूप वेळ पाण्यात राहिलेल्या कातडीसारखी.

ती माहेरी गेली. पुन्हा आली नाही.

गुत्त्यातली माणसं मात्र कुठं जाणार? धाकटा रोज सकाळी जाऊन बसायचा. आता त्यांना त्याचं ऐकावंच लागायचं. ओ द्यावी लागायची, प्रत्येक वाक्याला. नुसती मान हलवलेली त्याला चालायची नाही. सुकाणूचा घसा बसला, आवाजाचं फुसफुसणं झालं. एका दुपारी तेही निघेना. धाकट्यानं त्याच्या दंडावर हात ठेवला, विचारलं, "मी दिसतोय ना?" आणि थांबला. आम्ही सगळे सांगत होतो, दिसतोयस रे, दिसतोयस. पण त्यानं सुकाणूला विचारलं होतं. तासाभरानं हात काढला तेव्हा सुकाणू खुर्चीत मरून पडला होता. त्याच्या तोंडातून खारं पाणी आलं, तांब्याभर.

मावशी मला म्हणाली, "तू भरलास, तूच पालथा घाल." मी गेलो. पेला हातात घेतला. धाकटा समोरच बसला होता. त्यानं मला अडवलं नाही.

"घाल, दादा," तो म्हणाला. "पण खाली फार अंधार आहे. मी तुला किती हाका मारल्या... मला वाटलं, दादाला ऐकू येत असेल."

मी पेला सरळच ठेवला आणि त्याला माझ्या घरी आणलं.

या गोष्टीला तीस वर्षं झाली. मावशी गेली, गुत्ते एकामागून एक बंद पडले. धाकटा अजून तेवढाच आहे, बत्तीस वर्षांचा. मी लग्न केलं नाही. त्याला खिडकीपाशी बसवतो, खाली परात ठेवतो, दिवसातून दोनदा ओततो. तो बोलतो, मी ओ देतो. झोपतो ते दोनच तास, तेही त्याला सांगून. मला याचं ओझं वाटलं नाही. एकदा ओ दिली नव्हती, ती आयुष्यभर देत राहिलो.

गेल्या महिन्यात माझा घसा सुजला. सकाळी उठलो तर आवाज नाही. तो खिडकीपाशी बसून बोलायला लागला, मी पाण्याच्या गुळण्या केल्या, गरम शेक घेतला, तोंड उघडलं, काही निघेना. तो थांबला. उठला. माझ्याकडे यायला लागला. मी दंड पुढे केला, मनात म्हटलं, घे बाबा.

"दादा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय रे, बोल."

आवाज माझाच होता. त्याच्या मागच्या रिकाम्या खुर्चीतून आला होता.

धाकटा वळला, हसला आणि त्या खुर्चीसमोर जाऊन बसला. तेव्हापासून तो तिथंच बसतो. माझा घसा चार दिवसांनी मोकळा झाला. मी त्याला हाक मारली, एकदा नाही, शंभरदा. त्याच्या समोर उभा राहिलो. त्याच्या दंडावर हात ठेवला. तो खुर्चीशी बोलत राहिला.

काल दुपारी खुर्चीतला आवाज त्याला विचारत होता, "खोलीत अजून कुणी आहे का रे?"

धाकट्यानं सावकाश सगळीकडे पाहिलं. दाराकडे, परातीकडे, माझ्याकडे.

"नाही, दादा," तो म्हणाला. "कुणी नाही."