पंक्चर नसलेलं चाक

राजमतीच्या धाकट्या भावाचं, अण्णाप्पाचं, लग्न झालं ते साल चौऱ्याहत्तर. कसबा बावड्यात दारात मांडव पडला होता. मांडवात आलेली प्रत्येक बाई नवरीला हळद लावून झाली की राजमतीकडं वळायची आणि एकच विचारायची, "आणि हिचं काय?"

राजमती तेव्हा एकतीस वर्षांची होती. वडील गेल्यापासून घर तिच्या पगारावर चाललं होतं, त्यामुळं घरातलं कुणी हा प्रश्न काढत नव्हतं. पाहुण्यांनी काढला की अण्णाप्पा म्हणायचा, "अक्काला लग्नाची आवडच न्हाय." आणि अक्का लाडवाचं ताट घेऊन पुढच्या पंगतीकडं जायची.

ती नर्स होती. पन्हाळ्याच्या मागं एका वाडीत सरकारी खोलीत राहायची, आठवडाभर डोंगरातल्या वस्त्या पालथ्या घालायची. शनिवारी काम आटोपलं की सायकलीवरून घाट उतरून घरी यायची, सोमवारी पहाटे परत चढायची. बाईमाणूस सायकलीवर, म्हणून पहिली दोन वर्षं लोक बांधावर उभे राहून बघायचे. पुढं बघायचे थांबले. तिलाही आता त्या घाटात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाय फिरत, सायकल चालत, एवढंच.

भावाच्या लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी वाघबिळाच्या अलीकडं तिची साखळी पडली आणि दात्यात अडकून बसली. ती खाली बसून ओढू लागली.

"थांबा, थांबा! ओढू नका. ओढली की आणखी घट्ट बसती."

मागून एक माणूस सायकल हातात धरून येत होता. उंच, वाळका, खांद्याला कातडी पिशवी. सायकल झाडाला टेकवून तो शेजारी येऊन बसला, तिच्याकडं न बघता साखळीकडं बघत म्हणाला, "तेल कसलं घालताय?"

"खोबऱ्याचं."

"डोक्याला?"

"साखळीला!"

"मग डोक्यालाच घाला. थंडीत गोठतंय ते, आन धूळ धरतंय. शिवणाच्या मशीनीचं तेल घालायचं. थेंब थेंब. घालून झालं की फडक्यानं पुसून घ्यायचं."

"घालायचं आणि पुसायचं?"

"व्हय की. तेल आत पायजे. वरनं दिसाय नको."

तो शिवणयंत्रं दुरुस्त करणारा होता. तात्यासो मगदूम. राहायला गंगावेशीत, घरी म्हातारी आई, तिला तो अव्वा म्हणायचा. गावोगाव सायकलीवरून फिरायचा, पंधरा वर्षं झाली होती. वय अडतीस. हे सगळं तिला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं, की तो हातानं साखळी सोडवतोय आणि मान वळवून पुन्हा पुन्हा मावळतीकडं बघतोय. तीही तेच करत होती.

"तुम्हाला घाई दिसती," ती म्हणाली.

"घाई न्हवं… दिवस मावळायच्या आत जेवाय पायजे. न्हाईतर आज उपास."

राजमती हसली. मांडव पडल्यापासून पहिल्यांदा. "आम्ही पण जैनच. मी चौगुले, बावड्याची."

त्यानं हात पुसले, पिशवीतनं फडकं काढलं. दोन भाकरी आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून दोघांनी एकेक भाकरी खाल्ली, भरभर, सूर्याकडं बघत. बोलायला वेळच नव्हता. शेवटचा घास आणि सूर्याची शेवटची कड एकदमच गेली.

"जमलं," तो म्हणाला.

"जमलं," ती म्हणाली.

मग रस्ता सपाट होईपर्यंत दोघं चालत उतरले.

तेव्हापासून शनिवारी भेट होऊ लागली. वाघबिळावर तानाबाईचं चहाचं खोपट होतं. तात्यासो तिथं सायकल ठेवून वरच्या पायवाटेनं वस्तीवर मशीनी दुरुस्त करायला जायचा, कारण त्या वाटेला सायकल चालत नव्हती. राजमती उतरून यायची त्याच वेळेला तोही खाली यायचा. बोलणं सगळं सायकलींचं.

"उताराला फुडचा ब्रेक एकटा दाबू नका, तोंडावर पडशीला. दोन्ही धरायचं, सोडायचं… धरायचं, सोडायचं. धरूनच बसला तर रीम तापती."

"ठिगळ दर वेळी निघतंय माझं."

"सोल्यूशन लावून लगीच चिकटवत असशीला. वाळू द्यायचं. बोट लावलं आन बोटाला आलं न्हाई, की मग चिकटवायचं. तोवर दम धरायचा."

"किती दम?"

"निवांत एक चहा."

आणि एक गोष्ट तो हटकून सांगायचा. चाकातली हवा धरणारा जो वॉल असतो, त्याचं टोपण नेहमी घट्ट बसवायचं. धूळ आत गेली की वॉल मेला.

ह्या सगळ्याच्या बदल्यात तिनं त्याला बाजार शिकवला. पंधरा वर्षं रस्त्यावर असून त्या माणसाला काही विकत घेता येत नव्हतं. दुकानदार देईल ते घेऊन यायचा आणि अव्वाच्या शिव्या खायचा.

"गूळ पिवळाधमक दिसला की घेऊ नका. जरा काळपट घ्या, तो खरा. जोंधळ्याचा दाणा दाताखाली फोडून बघा. कट्ट आवाज आला पायजे."

"दुकानात उभा राहून दाणे चावू?"

"मग काय घरी आणून रडणार? आणि अव्वांना लुगडं घेताना कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासायचा. रंग आला तर ठेवून यायचं."

"दुकानदार रागवंल की."

"रागवू दे! तुम्ही काय त्याच्या घरी नांदायला जाणार हाय?"

तानाबाई चुलीजवळून म्हणाली, "नर्सबाई, ह्याला छत्री पण घेऊन द्या. मागल्या पावसाळ्यात आणलेली वाऱ्यानं उलटली ती सुलटी झालीच न्हाई."

तात्यासो लाजला. कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. राजमतीनं बघितलं, आणि मग उगाच चहाच्या कपात बघत राहिली.

चैत्रातल्या एका शनिवारी तात्यासोचं काम लवकर संपलं आणि तो निघून गेला. राजमती आली तेव्हा झाडाखाली सायकल नव्हती. ती एकटीच उतरली, एकटीच केर्लीपर्यंत आली, आणि तिला कळलं की हा रस्ता लांब आहे. नऊ वर्षं याच रस्त्यानं जात-येत होती. कधी तो लांब वाटला नव्हता.

पुढच्या शनिवारी ती लवकर पोचली. सायकल झाडाखाली होती, तात्यासो वर वस्तीवर. तानाबाई पाण्याला गेलेली. राजमतीनं इकडंतिकडं बघितलं. तिला वाटलं, आपण एकतीस-बत्तीस वर्षांची सरकारी नोकरीतली बाई आहोत… आणि तोवर हात मागच्या चाकाकडं गेलाही होता. टोपण काढलं, वॉल सैल केला. फुस्स. चाक बसलं. मग वॉल पहिल्यासारखा आवळला आणि टोपण घट्ट फिरवून बसवलं.

तात्यासो आला, चाकाकडं बघितलं, खाली बसला. अंगठ्यानं टायर दाबला. पिशवीत पंप असून त्यानं पंपाला हात लावला नाही.

"पंचर दिसतंय," तो म्हणाला. "तानामावशी, घमेल्यात पाणी द्या."

टायर सोडवून त्यानं ट्यूब बाहेर काढली, जराशी हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात वीतवीत बुडवून बघू लागला. एक फेरा झाला. बुडबुडा आला नाही. त्यानं दुसरा फेरा सुरू केला.

"बारीक असंल," तो म्हणाला.

"असेल," राजमती म्हणाली.

तेवढ्यात उन्हं कलली. मग जेवायलाच बसावं लागलं, कारण घरी पोचेपर्यंत दिवस राहणार नव्हता. तिचा डबा, त्याचं फडकं. तानाबाईनं पाणी जैनांच्या रीतीनं कापडातून गाळून दिलं.

असं पुढं वर्षभर चाललं. दर शनिवारी नाही. तिला लाज वाटायची, म्हणून मधे एखादा शनिवार ती सोडायची. पण श्रावणाच्या झडीत, पौषाच्या धुक्यात, ते घमेलं झाडाखाली यायचंच. आठवडाभर बाळंतपणं, तापाची पोरं, चढ आणि उतार करून राजमतीचं अंग दुखायचं. तो एक तास मात्र ती खोपटाच्या कुडाला पाठ टेकून नुसती बसायची. समोर तात्यासो हळू हळू ट्यूब फिरवायचा. त्याचेही डोळे थकलेले असायचे. दोन दमलेली माणसं एका घमेल्याकडं बघत बसायची. त्यापलीकडं कुणी काही बोललं नाही. तानाबाईनं मात्र पाणी गाळायला त्या दोघांसाठी वेगळं स्वच्छ कापड शिवून ठेवलं.

शहात्तरच्या मे महिन्यात राजमतीच्या बदलीचा हुकूम आला. आजरा. एक जूनला हजर व्हायचं. आजऱ्याहून शनिवारी घरी येणं होणार नव्हतं, आणि आलं तरी वाटेत वाघबीळ नव्हतं. अण्णाप्पा म्हणाला, "जा की. पगार वाढंल. हितलं आमी बघतो." तिनं हुकूम घडी करून पिशवीत ठेवला.

शेवटच्या शनिवारी ती खोपटावर आली. झाडाखाली सायकल होती. कुणी बघत नव्हतं. ती चाकापर्यंत गेली, आणि हात उचलेना. काय उपयोग? वर्षभर ह्या माणसानं सायकलीशिवाय दुसरा शब्द काढला नव्हता. आज एक तास मिळेल, पुढं काय? ती कुडाला टेकून बसली.

"आज न्हाई व्हय?" तानाबाईनं चुलीत फुंकत विचारलं.

राजमती दचकली. "काय न्हाई?"

"काय न्हाई बाय. चहा घे."

तात्यासो पायवाट उतरून आला. पिशवी खाली ठेवली, खाली बसून टायर अंगठ्यानं दाबला. टणक. त्यानं पुन्हा दाबला. मग तिच्याकडं बघितलं.

"आज हवा हाय," तो म्हणाला.

"हाय."

"तुमाला बरं न्हाई?"

"मला काय झालंय! माझी बदली झाली. आजऱ्याला. सोमवारी सामान हलवायचं."

चहाचं आधण उकळून वर आलं, तानाबाईनं ते खाली उतरवलं. मग तात्यासो वाकला, मागच्या चाकाचं टोपण काढलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत वॉल सैल केला.

फुस्स.

चाक बसलं. त्यानं वॉल आवळला, टोपण घट्ट फिरवून बसवलं, आणि हात झटकले.

"असंच करता न्हवं तुमी?"

राजमतीला तोंड कुठं लपवावं ते कळेना. "तुम्हाला… कधी कळलं?"

"पैल्या दिवशी. पोरं हवा सोडत्यात ती टोपण पळवत्यात. हवा सोडून टोपण परत घट्ट बसवणारं माणूस ह्या घाटात एकच हाय. आन त्याला ते मीच शिकवलंय."

"मग वर्षभर पाण्यात काय शोधत होता?"

त्याचे कान तांबडे झाले. "…उशीर."

"एक सांगू का?" तानाबाई म्हणाली. "वरीसभर माझ्या घमेल्यात एक बुडबुडा आला न्हाई. मला वाटलं, घमेलंच खुळं हाय. मग वाटलं, न्हाई, मानसं खुळी हायत."

राजमती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं पुसत ती म्हणाली, "बोलायचं होतं मग. आता आजऱ्याला चालले तेव्हा…"

"आजऱ्यात बायका शिवत न्हाईत काय? मशीनी असतीलच की." तो जमिनीकडं बघत बोलत होता. "घाट हाय तिकडं?"

"लई."

"मग तुमच्या सायकलीचं ब्रेक बदलाय पायजेत. दोन्ही. आन… घर बघावं लागंल. अव्वाला पायऱ्या चढवत न्हाईत. मला घरातलं काय आणावं कळत न्हाई. तुमी सांगशीला ते आणंन." तो थांबला. "तुमच्या घरी कुणाला इचारू? अण्णाप्पाला?"

मांडवातले सगळे आवाज राजमतीला एकदम आठवले. हिचं काय, हिचं काय.

"मला विचारा," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. "येशीला?"

"येईन."

तात्यासोनं सवयीनं घमेलं पुढं ओढलं, आणि लगेच बाजूला सारलं. पिशवीतनं पंप काढला.

"राहू दे जरा," राजमती म्हणाली. "दिवस हाय अजून. आधी जेवू."

अण्णाप्पा आठ दिवस बहिणीशी बोलला नाही. नवव्या दिवशी बोलला, आणि लग्नात त्यानंच पंगतीत वाढलं. तानाबाई ते गाळायचं कापड घेऊन आली होती, आहेर म्हणून.

आजऱ्यात दोघांचा संसार साडेअकरा वर्षं झाला. तात्यासोनं तिथं शिवणयंत्रं दुरुस्त केली, राजमतीनं बाळंतपणं केली. अव्वा तीन वर्षं जगली. सून आणते तो गूळ बरा असतो, असं ती शेजारणींना सांगायची. बाजाराला तात्यासो शेवटपर्यंत एकटा गेला नाही. संध्याकाळी दोघं उंबऱ्यात मावळतीकडं तोंड करून जेवायला बसायची. दमलेली असायची, फार बोलायची नाहीत. तो म्हणायचा, "जमलं." ती म्हणायची, "जमलं."

तात्यासो मगदूम आजऱ्याच्या घरी वारले. तारीख बारा जानेवारी १९८८, मंगळवार. जेवण झालं होतं, आणि दिवस मावळायला अजून थोडा अवकाश होता.