सहाव्या महिन्याचं ऊन

सकाळपासून सूचिन कुलमंदिराच्या फरशीवर गुडघे टेकून होती. संध्याकाळपर्यंत चोरी कबूल केली नाही, तर त्साओ घराणं तिला माहेरी हाकलणार होतं. गरीब घरची सून, मग सगळी बोटं तिच्याकडेच.

दरवर्षी सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी सम्राटाने घराण्याला दिलेलं रेशमी आज्ञापत्र कसर लागू नये म्हणून अंगणात उन्हाला घालत. आज पेटीतून काढून उलगडताच नानकिंगहून आलेला रेशमाचा जाणकार पाहुणा ओरडला, "ड्रॅगन विणलेले हवेत. हे तर रंगवलेत!" बनावट पत्र ऊन लागण्याआधीच पुन्हा गुंडाळलं गेलं आणि तालुक्याहून खासगी गुप्तहेर शेनला बोलावणं धाडलं.

"किल्ली कुणाकडे?" शेनने विचारलं.

"हिच्याकडे. गेल्या शरदात लग्न होऊन आली, तेव्हा दिली," तिच्या नवऱ्याचे थोरले काका पेईयुआन म्हणाले. "त्याआधी माझ्याकडे."

"आणि उन्हाला कोण घालतं?"

"मीच. चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."

सूचिनचा नवरा चाओलिन तिच्याकडे बघतही नव्हता. "चार वर्षांपूर्वी मला डाकूंनी पळवलं. या पत्राच्या पुण्याईनंच फुकटात सुटलो. आणि हिनं तेच विकलं!"

"मी पेटीवर फडकं मारते, एवढंच," सूचिन पुटपुटली.

शेनचा सोबती लुओ पुन्हा उलगडलेल्या पत्रावर वाकला. "चारी कोपऱ्यांवर गडद चौकोन आहेत. शाई सांडली असणार."

पेटीशेजारी शाई उगाळायचे चार दगड होते. शेनने एक उचलून चौकोनावर ठेवला. तो तंतोतंत बसला.

"शाई अशी चौकोनी सांडत नाही, लुओ. पत्र उडू नये म्हणून उन्हात हे दगड ठेवतात. बाकीचा कच्चा रंग विटला, दगडाखालचा राहिला. आज तर ऊन लागलंच नाही. म्हणजे हे बनावट पत्र आधीच्या वर्षी उन्हात होतं. तेव्हा सूचिन या घरात नव्हतीच."

शेन काकांकडे वळला.

"विणलेला ड्रॅगन बोटांना लागतो. चाळीस वर्षं हाताळणाऱ्याला फरक कळला नाही, हे मी मानत नाही. आणि काका, डाकू कुणाला फुकट सोडत नाहीत."

म्हाताऱ्याची मान खाली गेली. "डाकूंना खरं पत्रच हवं होतं. पोरगा की रेशीम, दोन दिवसांची मुदत. घराण्याला विचारलं असतं, तर त्यांनी रेशीम राखलं असतं. मी ते देऊन टाकलं आणि हे रंगवून घेऊन पेटीत ठेवलं."

चाओलिनने आता पहिल्यांदाच सूचिनकडे पाहिलं. काका हळूहळू सूचिनशेजारी आले आणि त्याच फरशीवर त्यांनी गुडघे टेकले.

तिने त्यांना दंडाला धरून उठवलं. "काका, माझा माणूस तुम्ही परत आणलात. पण सकाळी मला इथं बसवलं, तेव्हा बोलायला हवं होतं."

किल्ली तिने चाओलिनच्या हातात ठेवली आणि आखडलेल्या पायांनी एकटीच अंगणातल्या उन्हात गेली.