डाव्या गालाचा वण

अड्यारच्या त्या त्वचेच्या दवाखान्यात भिंतीला लागून एकच अशी खुर्ची होती, की तिच्यावर बसलं की डावा गाल भिंतीकडे जायचा. ती माझी होती. म्हणजे मीच तसं धरून चालले होते. त्या शनिवारी तिच्यावर एक उंच, सावळा तरुण बसलेला पाहिला आणि माझं डोकंच फिरलं.

"बसलाय बघा कसा ठाण मांडून!" मी पुटपुटले. चेन्नईत मराठी कोणाला कळतंय?

"उठतों की," तो म्हणाला. चक्क मराठीत! "पण माझापण डावाच गाल. काय करायचं सांगा."

त्यानं तोंड वळवलं. जबड्याच्या कडेला चिंचोक्याएवढा वण होता... तांबूस, फुगलेला. मला हसू आलं आणि लाजही वाटली. शेवटी तो उठला, मी बसले, आणि तो माझ्याशेजारी खुर्ची उलटी फिरवून, उजवा गाल माझ्याकडे करून बसला.

त्याचं नाव विजयेंद्र. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावूरला आलेले, आता गिंडीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. मी तनया, नाशिकची, दोन हजार पाच साली सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इथे आलेली. माझ्या गालावर मस वाढला होता, तो काढला. साधाच निघाला, पण मागे लाल, उंच वण राहिला.

"माझापण मसच होता," विजयेंद्र म्हणाला. "अम्मानं वैदीश्वरन कोविलच्या देवळात मीठ-मिरी वाहिली, मस जाऊ दे म्हणून. मस गेला. आता म्हणते, वणाचा नवस बोलायला विसरले!"

"मग पुन्हा जा की!"

"देव म्हणेल, एकदाच सगळं नीट सांगायला काय झालं होतं?"

मी इतकी हसले, की काउंटरवरच्या अलमेलूनं डोळे वटारले.

मग शनिवार म्हणजे विजयेंद्र, असंच होऊन गेलं. डॉक्टर सरोजा मला सिलिकॉनची पट्टी द्यायच्या, रोज लावायला. ऊन लागू द्यायचं नाही, नाहीतर वण काळा पडेल, अशी ताकीद. त्याला मात्र वणातच इंजेक्शन. त्याचा वण हट्टी होता. दाबला तरी पुन्हा वर यायचा, मूळ जखमेच्याही बाहेर पसरायचा. बाहेर आला की त्याचे डोळे पाण्यानं भरलेले असायचे.

"दुखलं?" मी विचारायची.

"छे. डॉक्टरांच्या सौंदर्यानं डोळे दिपले."

डॉक्टर सरोजा साठीच्या होत्या.

नंतर आम्ही कॉफी प्यायला जायचो. बस स्टॉपपर्यंत तो माझ्या गालावर सावली पडेल अशी छत्री धरायचा, स्वतः उन्हात. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. एकदा पट्टीची कड सुटली होती, ती त्यानं बोटानं हलकेच दाबली... आणि हात तिथेच क्षणभर राहिला. त्या दिवशी माझी बस चुकली आणि मला आनंद झाला.

डिसेंबरात डॉक्टरांनी माझा गाल उजेडात धरला. "छान! आता सहा महिन्यांनी या." मग त्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. वण पुन्हा वाढला होता.

"सरी, बरं झालं," तो म्हणाला. "तू सुटलीस. आता शनिवारी कशाला येशील?"

"तू बोलाव की!"

"या तोंडानं?" तो हसला. पण त्या हसण्यात काही नव्हतं.

त्या रविवारी मी चेन्नईजवळच्याच कोवलमच्या किनाऱ्याची बस पकडली. भर दुपारी, तोंडाला काही न लावता, होड्यांच्या बाजूला वाळूत बसून राहिले. पट्टी पर्समध्ये. पुढच्या रविवारीही गेले, आणि त्याच्या पुढच्याही. लोक म्हणतील वेड लागलं होतं. मला अजूनही तसं वाटत नाही. मला त्याच्याशेजारी बसायचं होतं, बस्स.

फेब्रुवारीत मी काळपट वण घेऊन दवाखान्यात हजर झाले, अगदी ऐटीत! विजयेंद्रनं माझ्या गालाकडे पाहिलं, मग सोललेल्या नाकाकडे.

"काय केलंस हे?"

खोटं बोलता येईना. "उन्हात बसले. मुद्दाम. तुला एकटं वाटू नये म्हणून... विजयेंद्र, मला तू आवडतोस. खूप."

तो मला बाहेर जिन्यात घेऊन गेला.

"हे जावं म्हणून अम्मा शुक्रवार धरूलाली, दिवसभर उपाशी राहते. सुई आत जाते तेव्हा मी दात आवळून बसतों. आणि तू... तू ते हौसेनं लावून घेतलंस?"

"हौसेनं नाही रे! प्रेमानं."

"माहीत आहे." तो पायऱ्यांकडे बघत म्हणाला, "माझंपण आहे. म्हणूनच सांगतों. माझ्याबरोबर राहिलीस तर तू बरी व्हायची नाहीस. दर वेळी माझ्याकडे बघशील आणि पट्टी काढून टाकशील. घरात मामाच्या मुलीशी, श्रीरंजनीशी, माझ्या लग्नाचं बोलणं चाललंय. तिनं मला मस होता तेव्हापासून पाहिलंय. तिला वणाचं काही वाटत नाही."

"मला वाटतं हा माझा गुन्हा?"

"तुला फार वाटतं, तनया." त्यानं माझ्या गालाला लावायला बोट उचललं आणि मागे घेतलं. "बरी हो. एवढंच कर माझ्यासाठी."

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याचा फोन लागायचा, पण उचलला जायचा नाही. मी रोज पट्टी लावली, कधी रागानं, कधी रडत रडत, पण लावली. त्यानं माझ्याकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं.

वर्ष होत आलं. डॉक्टर सरोजांनी माझा गाल बोटानं चाचपला आणि खूश होऊन म्हणाल्या, "कुठे होता तेही सांगता येणार नाही! आता यायचं काम नाही."

बाहेर अलमेलूनं मला काउंटरशी थांबवलं. "ते तुमचे विजयेंद्र आता मंगळवारी येतात," ती हळूच तमिळमध्ये म्हणाली. "पुढच्या महिन्यात लग्न आहे, तंजावूरला. पण अजून दर वेळी एकच विचारतात, तनयाचा वण गेला का? काय सांगू?"

'थोडा राहिलाय' असं सांगितलं असतं, तर त्यानं पुन्हा विचारलं असतं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. लग्नानंतरसुद्धा. ते शब्द माझ्या ओठांवर आले होते.

"सांगा, गेला," मी म्हणाले, आणि काउंटरला धरून रडू आवरायचा प्रयत्न करत राहिले.