चिमट्याने बंद केलेला प्रश्न

तिच्या चष्म्याचा स्क्रू नेमका भर रस्त्यात निखळला. एक काच हातात, दुसरी कशीबशी नाकावर, अशा अवतारात ती समोर दिसलेल्या चष्म्याच्या दुकानात शिरली.

“बसा. अक्षरं वाचायला लावणार नाही, घाबरू नका,” काउंटरमागून कुणीतरी म्हणालं. चष्म्याविना तिला तो नुसता एक निळा शर्ट दिसत होता. पण शर्टाचा आवाज छान होता.

दोन मिनिटांत त्याने स्क्रू बसवला आणि चष्मा तिच्या हातात न देता अलगद तिच्या कानांवर चढवला. शर्टाला चेहरा आला. बोटाला शाई, डोळ्यांत मिश्कील हसू...

“चष्मा घातल्यावर मला बघून बरेच जण निराश होतात.”

“मी नाही झाले,” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

तेवढ्यात आतून एक भारदस्त आवाज आला – “आता कसं दिसतंय?” तिने वळून पाहिलं. अक्षरांच्या पाटीशी एक म्हातारे गृहस्थ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं बदलत होते. त्यांचे ओठ मिटलेलेच होते. त्यांनी पुन्हा फोनवर बोट ठेवलं आणि तोच आवाज, तेच वाक्य.

“माझे बाबा,” तो म्हणाला. “घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. हे वाक्य आधी रेकॉर्ड केलेलं.”

तिचे डोळे चमकले. असल्या गोष्टी म्हणजे तिचा जीव की प्राण. दिवसा ती एका कार्यालयातले संगणक सांभाळायची आणि उरलेल्या वेळात ‘दुरुस्ती मंडळ’ नावाचा ऑनलाइन गट. बिघडलेली यंत्रं आपली आपण दुरुस्त करणारी अकरा हजार माणसं. ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला ती त्याचं गुणगान सुरू करायची. तिथे कुणी चेहरा विचारत नाही, वय विचारत नाही, प्रश्न चांगला असला की झालं... आताही तिने तोंड उघडलंच होतं.

“पण एकच वाक्य?” तिने आधी विचारलं. “यंत्राचा आवाज लावता येतो की.”

“लावला होता. बाबांनी फोनच बंद करून टाकला. ऑपरेशनआधी रेकॉर्ड केलेली त्यांची स्वतःची शंभर वाक्यं होती माझ्याकडे. मेमरी कार्ड बिघडलं. एका ऑनलाइन गटावर मदत मागितली, तर तिथे कुणीतरी चिमटा म्हणून आहे... त्याने प्रश्न बंद केला. ‘आधी शोधा, मग विचारा.’ आणि एक जुनं उत्तर चिकटवलं. त्यात होतं तसं केलं मी. कार्ड साफ झालं. हे एक वाक्य फोनमध्ये होतं म्हणून राहिलं.”

चिमटा तीच होती. कुठला प्रश्न ठेवायचा, कुठला बंद करायचा हे ठरवणारी मंडळाची नियंत्रक. या नावाचा तिला केवढा अभिमान होता.

तिने तिथेच सांगायला हवं होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते असं – “काही लोक असतातच हो असे.”

घरी आल्या आल्या तिने मंडळावरचा त्याच्या प्रश्नाचा धागा शोधून काढला. चौदा महिन्यांपूर्वीचा. ‘कार्ड उघडत नाही. वडिलांचा आवाज आहे त्यात. ऑपरेशन झालंय, आता पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाही. कुणीतरी सांगा प्लीज.’ मंडळाचा नियम होता – प्रश्न तीन ओळींत मांडायचा. काय हवं आहे, काय करून पाहिलं, काय झालं. याने तो पाळला नव्हता. म्हणून चिमट्याने ‘उघडत नाही’ एवढंच वाचून प्रश्न मिटवला होता. तिने चिकटवलेलं उत्तर रिकाम्या कार्डासाठी होतं, त्याची पहिलीच पायरी होती, कार्ड फॉरमॅट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून टाका. खाली प्रश्न बंद करणाऱ्या तिच्या शेऱ्याला एकवीस जणांनी पसंतीचे अंगठे दिले होते. ती शरमेने लालबुंद झाली, खोलीत एकटी असूनसुद्धा.

पुढच्या आठवड्यात स्क्रू पुन्हा निघाला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

“महिन्यात चारदा चष्मा सैल?” ती जिच्याकडे राहायची ती आत्या म्हणाली. “नाक झिजतंय की काय तुझं?”

दर वेळी ती कबुली द्यायचं ठरवून जायची आणि दर वेळी तो असं काही बोलायचा की ते राहूनच जायचं.

“हा स्क्रू आपोआप निघणारा नाही,” एकदा तो भिंगातून बघत म्हणाला. “याला कुणीतरी उलटा पीळ दिलाय. बारीक पेचकस असणाऱ्या माणसाने.”

तिने पर्स जवळ ओढली.

“चष्मा घट्ट असतानाही दुकान उघडंच असतं... तुमच्या माहितीसाठी सांगतोय.”

तिने विषय बदलायला म्हणून विचारलं, “ते कार्ड टाकून दिलंत?”

त्याने खणातून चष्म्याचं एक घर काढलं. आत मखमलीवर ते इवलंसं कार्ड. “नाही टाकवलं.”

“नंतर काही भरलंत त्यात?”

“हातही लावला नाही.”

“मग आत असेल अजून बरंच काही. फॉरमॅट केल्यावर पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते, पानं राहतात. पण ती एकेक करून हुडकावी लागतात.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. “हे त्या चिमट्याने का नाही सांगितलं?”

“वाचलंच नसेल त्याने... नीट.”

“तुम्ही त्याच्यासारख्या नाही, हे माझं नशीब.”

“मी शोधून बघते,” म्हणत तिने कार्ड पर्समध्ये ठेवलं. एखाद्याने थोबाडीत मारली असती तरी तिला इतकं लागलं नसतं.

तीन रविवार खर्ची घातले तेव्हा बासष्ट वाक्यं हाती लागली. बाकीची कायमची गेली होती. शेवटचं वाक्य वाजलं तेव्हा ती आनंदाने रडली आणि लगेच मनात आलं, हे नुसतं नेऊन दिलं तरी आपण त्या घरात देवासारख्या होऊ. कुणाला कळणार आहे? आपल्या मनात असलं काही येऊ शकतं, याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

सकाळी दुकानात जाण्याआधी तिने तो धागा उघडला आणि अकरा हजार माणसांसमोर लिहिलं – ‘हा प्रश्न मी न वाचता बंद केला. चुकीचं उत्तर दिलं. त्यामुळे एका माणसाचा जपून ठेवलेला आवाज गेला. नियमाच्या आड मी माझा आळस लपवला. चूक माझी आहे. – चिमटा.’

दुकानात तिने आधी फोन पुढे केला. तो वाचत गेला तसं त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलं.

“त्या दिवशी तुम्ही म्हणालात, काही लोक असतातच असे.”

“हो.”

“स्वतःबद्दल?”

“हो.”

त्याने एक स्वच्छ काच उचलली आणि उगाच पुसत बसला. “आणि मला वाटत होतं, तुम्ही माझ्यासाठी येता.”

“आधी लाज वाटायची म्हणून येत होते. मग...”

“मग काय?”

“मग लाज वाटायची, तरी येत होते.”

तो काच पुसतच राहिला. तिने कार्ड काउंटरवर ठेवलं, त्यातली वाक्यं त्याच्या बाबांच्या फोनमध्ये भरून दिली आणि दाराकडे वळली. मागे म्हाताऱ्याचा आवाज एकेक करून जिवंत होत होता. ‘पुढची ओळ वाचा.’ ‘फ्रेम तुम्हाला शोभते.’ ‘छत्री विसरलात.’ बाबांनी बाहीने डोळे पुसले. मग घाईघाईने यादीत काहीतरी शोधलं आणि तिच्याकडे बघत बटण दाबलं.

“दोन दिवसांनी या.”

प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं वाक्य. मुलगा म्हणाला, “बाबा, राहू द्या.” बाबांनी बटण पुन्हा दाबलं.

ती पुन्हा दुकानात गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार? दोन दिवस आत्याने वाढलेलं ताट तसंच परत जात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात असताना मंडळावर नवा प्रश्न आला. अगदी नियमाप्रमाणे, तीन ओळींत.

‘काय हवं आहे – चिमट्याला कॉफीला बोलवायचं आहे.

काय करून पाहिलं – दोन दिवस राग धरून पाहिला. आधी शोधूनही पाहिलं. असा प्रश्न पूर्वी कुणी विचारलेला नाही.

काय झालं – राग टिकत नाही. बाबा सारखे “छत्री विसरलात” वाजवताहेत, आणि इथे कुणाचीच छत्री नाही.’

तिने तो तीनदा वाचला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एकही शब्द न गाळता. खाली एकामागून एक अंगठे उमटत होते आणि या वेळी तिला कुणाचीच लाज वाटत नव्हती... जराशी वाटत होती, पण ती वेगळी.

तिने चष्मा काढला, दोन्ही स्क्रू बोटाने चाचपले, पुन्हा घातला आणि उत्तर लिहिलं.

‘स्क्रू घट्ट आहेत. तरी येतेय.’