गच्चीवरचा हात

ऑफिसात सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण तिचा नवरा त्याच इमारतीच्या गच्चीवरची डिश सांभाळायचा. तो वर, ती खाली संगणकापुढे. उपग्रहाकडून सिग्नल किती जोरात यायला हवा आणि प्रत्यक्षात किती येतो, हे तिचं सॉफ्टवेअर दिवसभर एका रेषेत काढत बसे.

फोन करायचा त्याला भारी कंटाळा. चहा हवा असला की तो डिशच्या तोंडापुढे दोनदा हात धरायचा. खाली रेषा दोनदा खचायची आणि ही दोन कप घेऊन वर जायची. तीनदा खचली, तर तो खाली येतोय. मग ती शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून त्याला जागा करायची. साहेबांना या भानगडीचा पत्ताही नव्हता.

शेवटच्या दिवशीही रेषा तीनदा खचली होती. तिने पर्स उचलली. मागच्या अंगणात पोतं पडल्यासारखा आवाज झाला, तिकडे तिचं लक्षच गेलं नाही. तो कठड्यावरून पडला होता.

ती रडली नाही. रजा संपल्यावर कामावर आली, पर्स पुन्हा खुर्चीवर ठेवू लागली. जेवणाला चव लागत नव्हती म्हणून तिने मीठ वाढवून पाहिलं, मग तोही नाद सोडला.

काही आठवड्यांनी एका दुपारी रेषा दोनदा खचली. आकाश निरभ्र होतं, आकडेमोड बरोबर होती. ती वर गेली, तर गच्चीला कुलूप. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिने कुणाला सांगितलं नाही. रोज दोन कप चहा करायची, एक प्यायची, दुसरा कीबोर्डशेजारी गार होऊ द्यायची. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटे.

एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले.

"वहिनी, ही रेषा मधेच का बसते?"

"डिश जुनी झालीय," ती बोलून गेली.

"मग बदलूनच टाकू."

आता शब्द मागे कसा घ्यायचा आणि कारण काय सांगायचं?

जुनी डिश टेंपोत चढली, ते तिने खिडकीतून पाहिलं. संपलं, असं तिला वाटलं. फिटरने नवी बसवली आणि तो खाली आला. पडद्यावर सरळ रेषा निघाली.

"बघा, दोष डिशचाच होता," साहेब खुशीत म्हणाले.

रेषा खचली. सावरली. पुन्हा खचली.

"वर कोण आहे रे?"

"कोणी नाही, साहेब. कुलूप लावून आलोय. ही किल्ली."

रेषा तिसऱ्यांदा खचली.

तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

मागच्या अंगणात पोतं पडल्यासारखा आवाज झाला.

साहेब खिडकीकडे धावले. खाली काहीच नाही, असं ते दोनदा म्हणाले.

ती जिन्याच्या दाराकडे बघत बसली. ऑफिस सुटलं, तरी पर्स मांडीवरच होती.