देवाजीच्या रजेचं खरं कारण

मी त्याला पहिली हाक मारली ती ‘देवाजीकाका’ अशी.

यादीत नावच तसं होतं, मी तरी काय करणार? वाटलं, निवृत्तीला टेकलेले कुणी असतील. आणि खिडकीशी येऊन उभा राहिला तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा जवान... हसला की एकाच गालावर खळी.

“आजाचं नाव ठेवलं घरच्यायनं,” तो म्हणाला. “काका नोका म्हनू, मॅडम.”

“मंग भाऊ म्हनू?”

“ते तं बिलकुल नोका.”

मी मान खाली घालून उगाच कीबोर्ड पुसू लागले. कान मात्र तापले होते.

मी चामोर्शीची चंचल. बटालियनच्या कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर. जंगलातल्या ठाण्यांवरून आलेले जवानांचे अर्ज एआयला वाचायला द्यायचे, हे माझं काम. तो कसलंही अक्षर वाचतो, चार ओळींत सारांश काढतो, निकड ठरवतो आणि रोज तीनच्या ठोक्याला सगळं साहेबांपुढे ठेवतो. पूर्वी याला आठ-आठ दिवस जायचे. जवान त्याला ‘नवा बाबू’ म्हणतात.

जुने बाबू म्हणजे आमचे गुणवंतराव. त्यांनी कधीकाळी रजेच्या अर्जाचा नमुना भिंतीला चिकटवला होता – ‘आईची प्रकृती अत्यवस्थ आहे.’ तो हमखास मंजूर व्हायचा, म्हणून सगळे तोच उतरवून काढायचे. आई तिकडे शेतात कापूस वेचत का असेना, अर्जात ती अंथरुणाला खिळलेली. नवा बाबू तेवढा भोळा नाही. एकसारखे अर्ज दिसले की ‘कारण संशयास्पद’ म्हणत तळाशी ढकलतो.

देवाजीचा अर्जही त्याच नमुन्यातला; तीनदा तळाशी गेला. दर गुरुवारी रसदीच्या गाडीबरोबर तो यायचा आणि विचारून जायचा. त्याच्या ठाण्यावर फोन लागत नाही. बुधवारपासूनच मी दिसेल त्याला विचारत सुटायचे... रस्ता धड असेल ना, गाडी येईल ना, गाडीत तो असेल ना?

चौथ्या गुरुवारी खळी दिसलीच नाही.

“रविवारच्या आत घरी जाचं आहे मले,” तो म्हणाला.

“मंग खरं कारण लिव्हा ना. आपल्या शब्दात.”

“खरं लिव्हू...? तुमीच वाचान मंग.”

“माहं कामच आहे ते.”

त्यानं दोन कागद फाडले. तिसरा घडी घालून माझ्यासमोर ठेवला आणि न बघताच गाडीकडे निघून गेला. मी तो स्कॅन केला. पडद्यावर सारांश उमटला –

‘घरच्यांनी अर्जदारास न विचारता रविवारी कोरपना येथे त्याचे साक्षगंध (साखरपुडा) ठरवले आहे. समक्ष जाऊन नकार देणे आवश्यक. नकाराचे कारण : अर्जदारास या कार्यालयातील ऑपरेटर चंचल आवडते. निकड : अति. अपूर्ण माहिती : सदर मुलीची संमती नमूद नाही.’

मी घड्याळाकडे पाहिलं. दोन बावन्न झाले होते. अर्ज काढला, तर रजा गेली आणि रविवारी तो दुसरीचा. ठेवला, तर साहेब वाचणार, उद्या सगळा कॅम्प बोलणार. पुढच्या महिन्यात माझं कंत्राट संपतंय. आणि घरी बाबांना काय सांगू?

“काऊन वं पोरी, घाम काऊन सुटला?” गुणवंतराव मागे येऊन उभे होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळं वाचलं.

“काढू का हे, बाबूजी?”

“काढ. माह्या नमुन्यातला लाव. मंग अर्ज जाईन तळाशी.” मग चष्मा खाली ओढत म्हणाले, “वीस वर्सं मी कागदावर या पोरायच्या मायांले आजारी पाडलं. खरं लिव्हनारा हा पयलाच.”

बाहेर गाडी सुरू झाली. उजेडात ठाणं गाठायचं तर तीनला निघावंच लागतं. तो मागच्या फळीवर बसला होता, बंदूक गुडघ्यांत धरून, तोंड पलीकडे करून. असाच गेला तर... मला ते सोसवेना. आवडत होता तो मला, पहिल्या दिवसापासून.

‘अपूर्ण माहिती’पुढच्या रिकाम्या चौकटीत मी लिहिलं – ‘संमती आहे.’

नव्या बाबूनं विचारलं – ‘माहितीचा स्रोत?’

‘स्वतः.’

तीन वाजले. साहेबांची घंटा वाजली. मी आत गेले. साहेबांनी कागद वाचला, परत वाचला, मान वर न करता सही केली.

“उसे गाडी से उतारो,” एवढंच म्हणाले.

मी पळत सुटले. गाडी फाटकापाशी पोचली होती. कोरपन्याला रविवारी काय होईल, कोण किती रागावेल, काहीच ठाऊक नव्हतं. तरी मी फळी धरली.

“उतरा.”

“मंजूर झाली?”

“साहेबांची आत्ता झाली.”

“आन् तुमची...?” त्यानं उतरता उतरता विचारलं.

“माही त्याच्या आधी.”